पेशंटशी बोल, डॉक्टर ऐकतात

हौसामावशी आत आली तेव्हा मी गॉज कापत बसलो होतो. मावशी ही आमच्या वॉर्डाची आया, आणि एरवी तिला काही सांगायला आत यावं लागत नाही. तिचा आवाज तिच्याआधी पोचतो. त्या सकाळी ती गप्प आली, माझ्या टेबलाशी थांबली आणि म्हणाली, "ब्रदर, सिस्टर गेल्या." असं ऐकल्यावर कुणी खाली बसतं, कुणी भिंत धरतं. मी कात्री ठेवली, ताठ उभा राहिलो आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. मोठे डॉक्टर वॉर्डात शिरले की आम्ही उभे राहतो, अगदी तसा. मावशीनं दाराकडे वळून पाहिलं. "कुनी आलं न्हाई," ती म्हणाली, "बसा." मला बसता येईना. हात पाठीमागे तसेच राहिले... आणि मग लक्षात आलं की हे असं उभं राहायला मला शिकवलं होतं तेही त्यांनीच.

त्याला आता काही आठवडे झाले. साळवे सिस्टर म्हणजे नगरच्या आमच्या धर्मादाय हॉस्पिटलातल्या पुरुषांच्या वॉर्डाच्या प्रमुख. भिंगारला आईबरोबर राहायच्या, सकाळी टांग्यानं यायच्या, टांगा नाही मिळाला तर चालत यायच्या, आणि चालत आल्या तरी वेळ चुकायची नाही. बुटक्या, सावळ्या, आवाज इतका हळू की नव्या माणसाला वाटावं, ह्या स्वतःशीच बोलतात. पेपरात नाव यावं असं त्यांनी काही केलं नाही. त्यांच्याबद्दल पुरवणीत लिहायला वॉर्डातला सगळ्यात कच्चा गडी बसलाय हे त्यांना पटलंही नसतं. "आधी चार्ट पुरे कर," म्हणाल्या असत्या. चार्ट पुरे केलेत, सिस्टर. म्हणून बसलोय.

मी अकोले तालुक्यातला, डोंगरातल्या एका भातशेतीच्या गावचा. नर्स झालेला पुरुष आमच्या गावानं माझ्या रूपानं पहिल्यांदा पाहिला आणि पुढच्यासाठी काहीतरी बंदोबस्त केला असावा, कारण अजून दुसरा निघालेला नाही. वडील चावडीवर सांगायचे, "ह्याला डागदर व्हाया धाडला हुता. मधीच उतरला." आई मात्र सगळ्यांना म्हणायची, "डागदरच हाय माझा ल्योक. निस्तं नाव येगळं हाय." ह्या दोन्ही मतांचं ओझं घेऊन मी गेल्या वर्षी इथं रुजू झालो. ट्रेनिंग झालेलं होतं, परीक्षेत मार्क बरे होते, सुई टोचताना हात हलत नव्हता. अडचण एकच होती. डॉक्टर समोर आले की माझी वाचा बंद पडायची. पेशंटशी मी तासभर गप्पा मारीन, त्याच्या म्हशीच्या वेताची चौकशी करीन, पण पांढरा कोट दिसला की जीभ टाळ्याला चिकटली म्हणून समजा.

आमचे मोठे सर वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. फिजिशियनही तेच आणि सर्जनही तेच, सगळ्या हॉस्पिटलाला पुरे पडायचे म्हणून कुठल्याच पेशंटला पुरेसे मिळायचे नाहीत. त्यांना वेळ नव्हता, एवढंच. त्यांच्या बुटांचा आवाज व्हरांड्यातून यायला लागला की चालते-फिरते पेशंटसुद्धा खाटेवर जाऊन आजारी पडायचे. राउंडची पद्धत अशी: पुढे सर, त्यांच्या डाव्या हाताला सिस्टर, मागे मी. माझ्या हातात पांढरं इनॅमलचं भांडं, त्यात औषध घातलेलं पाणी, मनगटावर टॉवेल. सर पेशंटला हात लावणार, मग भांड्यात हात बुडवणार, टॉवेलला पुसणार, पुढच्या खाटेकडे वळणार. पहिल्याच राउंडला त्यांनी मागे न बघता विचारलं, "बेड चारचं काय?" मला उत्तर येत होतं. सकाळपासून पाठ केलेलं होतं. मी म्हणालो, "हजर, सर."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू हजर आहेस ते दिसतंय. पेशंटचं सांग." बेड चारवरचा म्हातारा मला मदत करावी म्हणून मुंडी वर करून म्हणाला, "मी बी हजर हाय, साहेब." तेवढ्यात माझे हात असे कापले की भांड्यातलं अर्धं पाणी सरांच्या बुटांवर गेलं. दुष्काळाचं साल, टँकर आला तर आला, हॉस्पिटलात प्यायचं पाणीसुद्धा झाकण लावून ठेवलेलं. सरांना बूट भिजल्याचं नाही, पाण्याचं वाईट वाटलं असावं. सिस्टरांनी काही न बोलता भांडं माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतलं. राउंड संपल्यावर म्हणाल्या, "हात कापतात ते दिसू द्यायचं नाही. पाठीमागे घ्यायचे. तिथं हवे तेवढे कापू देत." त्या दिवसापासून वॉर्डाच्या प्रमुख भांडं धरून चालायच्या आणि सगळ्यात नवा ब्रदर मागून पुढाऱ्यासारखा हात पाठीमागे बांधून. बाहेरच्याला वाटलं असतं, इन्स्पेक्शनला मीच आलोय.

ही सवय इतकी मुरली की तिनंच मला पुढे खड्ड्यात घातलं. एका दुपारी सर सावेडीकडच्या बंगल्यावर जेवायला गेले होते आणि बेड नऊची सलाईन संपत आली होती. दुसरी लावायची का, एवढंच विचारायचं होतं. सिस्टर म्हणाल्या, "जा, ऑफिसातून फोन कर. आवाजच तर आहे, माणूस समोर नाही. सोपं जाईल." मी फोनजवळ गेलो, एक्स्चेंजला नंबर सांगितला, पलीकडून सरांचा आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?" आणि माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. रिसीव्हरसकट. मी टेबलावरच्या फोनसमोर ताठ उभा राहून अत्यंत अदबीनं सांगितलं, "सर, बेड नऊची सलाईन संपत आली आहे, दुसरी लावू का?" आजवरचं माझं सगळ्यात स्पष्ट बोलणं. सरांनी त्यातलं काय ऐकलं असेल ते माझ्या सदऱ्याच्या पाठीला ठाऊक. उत्तर येत नाही म्हणून मी फोन खाली ठेवला. थोड्या वेळात सर स्कूटरवरून धडधडत आले, उजव्या हाताला वरणभात तसाच. "फोन कुणी केला? काय झालंय?" मी भिंतीला लागून भिंत झालो होतो. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "लाइनमध्ये बिघाड असेल, सर. आलाच आहात तर बेड नऊ बघता का?" सरांनी हात धुतले, बेड नऊ बघितला, सलाईन लावायला सांगितली आणि गेले. मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. "बिघाड कशात होता ते मी त्यांना सांगितलं नाही," म्हणाल्या.

त्यानंतर माझी शिकवणी सुरू झाली. दुपारी पेशंट जेवून पडले की चादरींच्या खोलीत. सिस्टर चादरींच्या घड्या घालत बसायच्या, मी उभा, आणि मोठ्या सरांच्या जागी हौसामावशी. मावशीनं पदर खोचला, कंबरेवर हात ठेवले आणि नाकातून म्हणाली, "हं. बोल लौकर. मला आप्रेशन हाय."

"सर, बेड सहाच्या पेशंटला..."

"सा नंबरला काय? जेवला का मेला?"

"नाही सर, त्याला सकाळपासून..."

"सकाळचं मला दुपारी सांगतुयास व्हय रं? मग पगार कशाचा घितुयास?"

सिस्टर चादरीत तोंड लपवून हसत होत्या. मला ह्या शिकवणीचा फायदा एवढाच झाला की मोठ्या सरांच्या जोडीला मावशीचीही भीती बसली. पण सिस्टरांनी नेट सोडला नाही. "आधी बेड सांग. मग काय दिसलं ते सांग. तुला काय वाटतं ते सांगू नकोस. ते विचारलं तरच." मी रोज म्हणायचो, रोज अडखळायचो. मावशीनं एकदा निकालच दिला. "सिस्टर, ह्येला म्हशीच्या दवाखान्यात घाला. थितं कुनी बोलत न्हाई."

पण गंमत अशी होती की मला जे शिकवत होत्या ते सिस्टर स्वतः कधी करत नव्हत्या. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. राउंडला त्या सरांशी थेट काही बोलतच नसत. त्या पेशंटशी बोलायच्या. सर नाडी धरून उभे असायचे आणि सिस्टर पेशंटच्या उशीची सुरकुती काढता काढता हळूच म्हणायच्या, "का हो बाबा, काल दुपारपासून लघवीला गेला नाहीत ना?" बाबा म्हणायचा, "न्हाई बा." सर लगेच मान वळवणार, "अरे? काल दुपारपासून?" आणि पोटावर हात ठेवणार. काम झालं. मी विचारलं, तुम्ही सरळच का सांगत नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सरळच का उडत नाही असं विचारलं होतं. "पेशंटशी बोल, डॉक्टर ऐकतात," म्हणाल्या. "आपण सांगितलं की ते आपलं होतं. पेशंटनं सांगितलं की पेशंटचं होतं. आणि त्यांचं त्यांना दिसलं की खरं होतं." मग घडी घालता घालता, खाली बघत, "मी नवी होते तेव्हा एका डॉक्टरांना सरळ सांगितलं होतं. म्हणाले, तू डॉक्टर आहेस का? चुकलं तर तुला नुसतं नवा पोरगा म्हणून हाकलतील, वाकचौरे. मला हाकलायला त्यांच्याकडे आणखी बरीच कारणं होती." सिस्टरांच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली होती, वडील भिंगारच्या लष्करी छावणीत कुठंतरी झाडू मारायचे. ह्या विषयावर त्या एवढंच बोलल्या, तेही त्या एकदाच. वर लगेच पुस्ती जोडली, "तू मात्र सरळ बोलायला शीक. दोघं मिळून किती पेशंटांशी बोलणार?"

मी अर्थातच त्यांनी सांगितलेलं सोडून त्या करत होत्या ते करायला गेलो. पारनेरकडचे एक तात्या होते, छातीत कफ, झोप नाही, आणि त्यांचे बैल गुरांच्या छावणीत बांधलेले म्हणून घरी सोडा, घरी सोडा असा सारखा धोशा. रात्रभर बसून खोकत होते ते मी स्वतः पाहिलेलं. राउंडला सर आले तशी मी उशी झटकली आणि सिस्टरांसारखा हळू आवाज काढून म्हणालो, "काय तात्या, रात्री झोप नाही लागली ना तुम्हाला?" तात्या सरांकडे बघून म्हणाले, "लई ब्येस लागली, साहेब. तुमचा हा ब्रदर खुर्चीत घोरत हुता, तेवढीच काय ती आडचन. मला आता घरी धाडा." सर म्हणाले, "हं," आणि भांड्यात हात बुडवले. भांडं सिस्टरांच्या हातात होतं. पाणी थरथरत होतं. त्या हसू दाबत होत्या.

ह्याच दिवसांत खडी फोडायच्या दुष्काळी कामावरून रंगनाथ नावाचा गडी टायफॉइडनं आमच्याकडे आला. तापानं भाजून निघत होता. एका सकाळी थर्मामीटर काढला तर ताप उतरलेला. मी खूष होऊन सिस्टरांकडे धावलो. त्या खूष झाल्या नाहीत. उठून आल्या, त्याचं मनगट धरलं, मग माझ्या हातात दिलं. नाडी घोड्यासारखी पळत होती. "टायफॉइडचा ताप एकदम उतरला की आधी नाडी बघायची," त्या म्हणाल्या. "ताप खाली आणि नाडी वर, तर पोटाकडे बघ. आतडं फुटलं असेल. दुखणं थोडं थांबतं आणि माणसाला वाटतं बरं वाटतंय. तेच वाईट." राउंडला त्यांनी रंगनाथाच्या अंगावरची चादर नीट करता करता विचारलं, "का रे, मघाशी पोट धरून ओरडलास ना?" तो म्हणाला, "व्हय बाई, जीव जातो का काय वाटलं. आता न्हाई." सरांनी पोटाला हात लावला आणि भांड्याकडे न बघता म्हणाले, "थिएटर लावा." रंगनाथ चालत घरी गेला. जाताना सिस्टरांच्या पाया पडायला वाकला तर त्या म्हणाल्या, "पोटावर वाकू नकोस, टाके ताजे आहेत."

उन्हाळा चढला तशी टायफॉइडची माणसं वाढली. विहिरींचे तळ दिसायला लागले होते, मिळेल ते पाणी लोक पीत होते. मग एक दिवस सिस्टर राउंडला भांडं धरून उभ्या असताना मी पाहिलं की भांडं हलतंय, आणि ह्या वेळी त्या हसत नव्हत्या. त्यांनी तो राउंड पुरा केला. टॉवेलची तिपदरी घडी, कडा आत, भांड्यावर ठेवली. मग मला म्हणाल्या, "थर्मामीटर आण. माझ्यासाठी." आमच्या वॉर्डाच्या टोकाला स्टाफमधलं कुणी आजारी पडलं तर ठेवायची एक लहान खोली आहे. तिथं त्यांना ठेवलं. बाकीचं करायला बायकांच्या वॉर्डातली नर्स यायची, टेंपरेचर-नाडी माझ्याकडे. भिंगारहून त्यांची आई येऊन कोपऱ्यात घोंगडी टाकून बसली. राउंडचं भांडं आता मला धरावं लागे, हात पाठीमागे न्यायची सोय राहिली नाही. सर रोज खोलीच्या दारात विचारायचे, "काय सिस्टर, कसं काय?" आणि त्या तापात तोंड सुकलेलं असताना उशीवर वर सरकून बसल्यासारखं करायच्या, हात चादरीखाली सरळ ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काही नाही सर, बरं आहे." आडवं पडूनसुद्धा त्या उभ्याच होत्या. वीस-बावीस वर्षं ज्या माणसानं डॉक्टरांसमोर स्वतःबद्दल शब्द काढला नव्हता, तो पेशंट होऊन काय बोलणार...

त्या सकाळी मी थर्मामीटर काढला तर ताप उतरला होता. सिस्टरांच्या आई, आमच्या सगळ्यांच्या आजी, पेज घेऊन बसल्या होत्या. "उतरला व्हय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि पेज ढवळायला लागल्या. मी मनगट धरलं. धरून ठेवलं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. कपाळाला घाम होता, थंड. "किती?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. "चुकलास," त्या म्हणाल्या. "पुन्हा मोज." मी पुन्हा मोजली. तेवढीच आली. त्यांनाही माहीत होतं की मी चुकलो नाही. गेल्या वर्षभरात नाडी मोजायला मी कधीच चुकलो नव्हतो, मी फक्त बोलायला चुकत होतो. मी चादरीवरून पोटाकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "आई आहे इथं," पुटपुटल्या. "राउंड होऊ दे. तिला घरी पाठवते, मग बघू. राउंडला काही बोलायचं नाही." "सिस्टर, पण—" "वाकचौरे. मी इथली प्रमुख आहे अजून."

व्हरांड्यात बुटांचा आवाज आला.

राउंड नेहमी बेड एकपासून सुरू होतो आणि ती खोली शेवटी येते. मी भांडं घेऊन मागे चाललो. खरं तर वॉर्डाच्या दारातच सांगायला हवं होतं, सर, आधी तिकडे चला. तोंड उघडलं तर आवाज नाही. पण त्या दिवशी बरेच पेशंट सुट्टी होऊन गेलेले, खाटा मोकळ्या, राउंड भराभर पुढे सरकला आणि आम्ही त्या खोलीच्या दारात उभे राहिलो. सर म्हणाले, "काय सिस्टर, ताप उतरला म्हणे?" चार्ट त्यांनी पाहिला होता, तापाची रेघ खाली आलेली दिसत होती, नाडीचा आकडा मी लिहिला होता, पण चार्ट त्यांनी उभ्या उभ्याच चाळला होता आणि पुढे ऑपरेशनं होती. मला एकच मार्ग येत होता, सिस्टरांनीच शिकवलेला. मी पुढे झालो, उशीची सुरकुती काढली आणि म्हणालो, "सिस्टर, मघाशी पोटात एकदम दुखलं ना तुमच्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं मी काय करतोय. त्यांचंच वाक्य होतं. मग सरांकडे बघून, उशीवर वर सरकत, त्या म्हणाल्या, "काही नाही सर. बरं आहे."

"छान," सर म्हणाले आणि भांड्यात बुडवायला हात पुढे केला. हात अजून कुणाला लागलाही नव्हता. मी भांडं मागे घेतलं. का ते मला आजही सांगता यायचं नाही. सरांचा हात हवेत राहिला. आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, केवढा ते मलाच ऐकून कळलं, व्हरांड्यात उभी असलेली मावशी दचकून आत आली. "सर, सिस्टर खोटं बोलतायत. ताप उतरलाय, नाडी चढलीय, अंग गार आहे. पोट बघा."

आजींच्या हातातली पेज थांबली. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, चार्टाकडेही नाही. वाकून चादर बाजूला केली आणि पोटावर हात ठेवला. जेवढा वेळ तो हात तिथं होता तेवढा वेळ सिस्टर छताकडे बघत होत्या, शिस्तीत, एखाद्या दुसऱ्याच पेशंटची तपासणी चालली असावी तशा. "थिएटर लावा," सर म्हणाले. स्ट्रेचर यायला वेळ लागला. मी भांडं कुठं ठेवू कळत नव्हतं म्हणून धरूनच उभा. सिस्टरांनी मला जवळ बोलावलं. वाटलं आता रागावणार. "आवाज फार मोठा होता," त्या म्हणाल्या. "एवढा नको. डॉक्टर बहिरे नसतात." थोडा दम घेऊन, "आधी बेड सांगायचा राहिला तुझा." माझ्याशी त्यांचं शेवटचं बोलणं ते. नंतर त्या काही दिवस होत्या, पण शुद्धीवर अशा नव्हत्या. आत सगळीकडे पसरलं होतं. सर दिवसातून किती वेळा येऊन बसायचे... त्यांना वेळ कसा मिळाला कोण जाणे. जे करायचं ते सगळं केलं. आणि मग त्या सकाळी मावशी गप्प आत आली.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात सरांनी मला थांबवलं. खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही वेळेवर सांगितलंत, वाकचौरे," म्हणाले. मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाले. मी वाट पाहिली. ते गेले, बुटांचा आवाज गेला. मेट्रन म्हणाल्या, शाबास. मावशीनं सगळ्या हॉस्पिटलात सांगितलं की ब्रदर मोठ्या सायबावर वरडला. उशीर झाला असता तर निदान एक गोष्ट हातात राहिली असती, की उशीर झाला. ती सोयही राहिली नाही. वेळेवर सांगितलं, सरांनी ऐकलं, रंगनाथाला केलं तेच सगळं केलं; रंगनाथ खडी फोडायला परत गेला आणि सिस्टर भिंगारच्या मातीत गेल्या. ह्याचं उत्तर चादरींच्या खोलीत शिकवलेलं नव्हतं.

त्यांच्या वस्तू पोचवायला मी भिंगारला गेलो. एक पितळी पेला, कंगवा, चपला. आजी दारात बसल्या होत्या. शेजारच्या बायका आत होत्या, त्रिशरण होऊन गेलं होतं. आजींनी वस्तू घेतल्या, चपला उंबऱ्याच्या आत नीट जोडून ठेवल्या. "तुमीच डागदरला सांगितलं म्हनत्यात," म्हणाल्या.

"हो, आजी."

"मंग काय म्हनला डागदर?"

"म्हणाले, वेळेवर सांगितलं."

आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "मंग?" म्हणाल्या.

मी डॉक्टरांशी बोलायला शिकलो होतो. आजींशी काय बोलायचं ते मला आलं नाही. हात पाठीमागे गेले. मग त्यांनीच सांगितलं, ऊन चढतंय, जावा आता.

आता मी बोलतो. राउंडला सर प्रत्येक खाटेशी थांबून म्हणतात, "बोला, वाकचौरे," आणि मी आधी बेड सांगतो, मग काय दिसलं ते सांगतो, विचारलं तर काय वाटतं तेही सांगतो. आवाज बेताचा. कुठं अडत नाही. कधी कधी बोलता बोलता मीच ऐकतो आणि वाटतं, कुणाचं हे इतकं सोपं बोलणं... कुणाच्या उपयोगाचं. वॉर्डात लोक येतायत, काही जातायत, पाण्याचं तेच चाललंय. मावशी चादरींच्या खोलीत कामाला लागली की अजून मला हाक मारते, आणि आम्ही दोघं घड्या घालतो, तिपदरी, कडा आत. डॉक्टरचा आवाज ती आता काढत नाही.

ती शेवटची खोली तेव्हापासून रिकामी आहे. खाटेवर ताणून चादर घातलेली, उशीला सुरकुती नाही. तरी राउंड तिथपर्यंत जातो. पायांना सवय आहे. सर दारात थांबतात, आत बघतात, आणि सवयीनंच म्हणतात, "बोला."

"काही नाही, सर," मी म्हणतो.

मग ते भांड्यात हात बुडवतात. कुणाला हात लावलेला नसतो, पाणी मोजून आणलेलं असतं, तरी बुडवतात. मी टॉवेल पुढे करतो. ते हळूहळू, एकेक बोट पुसतात.